थंडीत रुसलेली लादी

अल्माटीच्या वर, डोंगरातल्या आमच्या संशोधन ठाण्यात त्या मंगळवारी सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा होता: चौसष्ट.

आकाशातून म्युऑन नावाचे सूक्ष्म कण सतत बरसत असतात. प्लास्टिकच्या लादीतून जाताना ते अगदी फिकी ठिणगी पाडतात आणि लादीच्या टोकाची काचेची नळी ती टिपते. शंभर कण गेले तर निदान पंच्याण्णव टिपले जावेत, अशी अट. कुल्याश आपायंनी (आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईंना आपाय म्हणतात, पुरुषांना आगाय) असल्या लाद्या घडवण्यात सगळी हयात घालवली होती. त्यांच्या नव्या लादीने शहरातल्या कार्यशाळेत सत्त्याण्णव टिपले आणि इथे बर्फात ठेवल्यावर चौसष्ट.

संध्याकाळी ठाण्याचे प्रमुख नुरखान आगाय निर्णय देणार होते. पठारभर आपायंच्या लाद्या बसवायच्या, नाहीतर बाहेरून विकत आणायच्या आणि कार्यशाळेला कुलूप.

मी तारा तपासल्या, वीजदाब तपासला. सगळं ठीक. मग नोंदींचा आलेख काढला. ऊन चढलं तसा आकडाही चढला होता, पण बऱ्याच उशिराने. तारा इतक्या आळशी नसतात. आत काहीतरी सावकाश गरम होत होतं.

"आपाय, नळी आणि लादीच्या मधे काय लावलंत?"

"लावायचं ते लावलं. चहा घे."

"प्रकाश नळीत पोचवणारं पारदर्शक मलम तर संपलं होतं ना?"

आपायंनी किटलीकडे पाहिलं. "कुइर्युक."

"मेंढीच्या शेपटीची चरबी?"

"गाळलेली. पाण्यासारखी नितळ. वाईट दिवसांत तिच्यावर आम्ही दोन हिवाळे काढले, पोरी. तेव्हा कुठे होतीस तू?"

"तेव्हा लाद्या कुठे होत्या?"

"खोलीत. शेगडीपाशी." बोलता बोलता त्यांनी खिडकीबाहेरच्या बर्फाकडे पाहिलं. मग खांदे हलायला लागले आणि त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "थंडीत पांढरी झाली असणार. अगं, भाताच्या पातेल्याला गोठलेली रोज बघते की मी."

मलमाचं पार्सल अजून वाटेतच होतं. पण आमचा ड्रायव्हर दोसिम्हान हिवाळ्यात गाडीची दारं गोठू नयेत म्हणून रबराला सिलिकॉनचं ग्रीस चोपडतो. ते नितळ असतं आणि कडाक्यातही गोठत नाही. मी मागायला गेले.

"सगळं नेऊ नकोस," तो म्हणाला. "उद्या दार उघडलं नाही तर तुला खिडकीतून आत ढकलीन."

आम्ही नळी सोडवली. चरबी खरंच साबणासारखी पांढरी झाली होती. स्पिरिटने पुसलं, ग्रीस लावलं, काळा कागद पुन्हा गुंडाळला आणि लादी बर्फात नेऊन ठेवली. ती पुरती गार होईपर्यंत कण मोजण्यात अर्थ नव्हता. आपाय हात मागे बांधून तिच्याभोवती फेऱ्या घालत राहिल्या.

तेवढ्यात नुरखान आगाय आले. एकेकाळचे आपायंचेच विद्यार्थी. आपायंनी त्यांना काही न लपवता सगळं सांगितलं.

"आपाय, मी असं केलं असतं तर तुम्ही मला वर्गाबाहेर काढलं असतं."

"काढलंच असतं. तू काढतोस का?"

"आधी आकडा बघू."

तिघंही पडद्यासमोर उभी राहिलो. चहा निवला, कोणी प्यायला नाही. मोजणी पुरी झाली तेव्हा बाहेर उणे चौदा होतं आणि पडद्यावर शहाण्णव.

आगायंनी आकडा दोनदा वाचला. "साठ लाद्या लागतील. आणि अहवालात लिहा, मेंढी थंडीत चालत नाही."

"मेंढी चालते," आपाय म्हणाल्या. "माझी अक्कल गोठली होती."

मग त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या आणि गोड गोळ्यांनी भरलेलं ताट घेऊन बाहेर आल्या. आमच्याकडे बाळाने पहिलं पाऊल टाकलं की म्हाताऱ्या बायका गोळ्या उधळतात. आपायंनी लादीवर उधळल्या, नुरखान आगायंच्या टोपीवर उधळल्या, दोसिम्हानच्या गाडीवरही उधळल्या. आम्ही गुडघ्यांवर बसून बर्फातून त्या वेचल्या. गोठून दगड झाल्या होत्या, चावता येईनात. त्यामुळे साठ लाद्या कशा ओतायच्या, कोणी घासायच्या, हे सगळं आम्ही गालात गोळी धरून, अर्धवट उच्चारांत ठरवलं.