इंजिनाखालची उशी

मी बोलतेय ती या खिडकीच्या फटीतून. गॅरेजच्या मागच्या खिडकीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून मला इथे अडकवून ठेवलंय. तुम्ही मला ओळखणार नाही. गाडीत बसणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णवांनी मला कधी पाहिलेलंच नसतं. मी माउंटिंग. लोखंडी पंज्यात बसवलेला जाड काळ्या रबराचा गोळा. गाडीचं इंजिन माझ्यासारख्या तिघींवर टेकलेलं असतं. ते थरथरतं, आम्ही ती थरथर गिळतो, आणि वर बसलेला माणूस म्हणतो, काय गुळगुळीत चालते गाडी.

जन्म कारखान्यातला. तिथली एकच गोष्ट लक्षात राहिली आहे. मला गाडीत बसवणाऱ्या बाईनं बोल्ट नुसते हातानं फिरवले आणि सैल सोडले. इंजिनाचं वजन माझ्यावर आलं. ते सुरू झालं, एकदा अंग झटकून आपल्या जागी बसलं. त्यानंतर तिनं पाना लावला. आधी माणसाला नीट बसू द्यावं आणि मग गाडीचं दार लावावं, तसं.

पुढची अकरा वर्षं मी एका नर्सबाईंच्या गाडीत काढली. त्या घरोघरी जाऊन आजाऱ्यांच्या जखमा बांधायच्या. सिग्नलला थांबल्या की बेसूर गायच्या. एखाद्या घरातून बाहेर आल्या की गाडी सुरू करायच्या, पण निघायच्या नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून नुसत्या बसून राहायच्या. अशा वेळी इंजिन हळू फिरतं, आणि हळू फिरणाऱ्या इंजिनाची थरथर सगळ्यात वाईट. ती मी माझ्या अंगावर घ्यायचे. शेजारी ठेवलेल्या त्यांच्या पेल्यातलं पाणी हलू नये, एवढंच माझ्या हातात होतं. मी त्यांच्यासोबत होते आणि त्यांना ते माहीत नव्हतं. याला सोबत म्हणतात का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

अकराव्या वर्षी मला चीर गेली आणि गाडी या गॅरेजात आली. गॅरेज मिस्त्रींचं. चाळीस वर्षं पाना हातात, सल्ला तोंडात. मदतीला त्यांची मुलगी. ती कॉलेजात इंजिनाचं शिक्षण घेऊन आलेली, म्हणून ते तिला ‘पुस्तक’ म्हणतात. चारचौघांत म्हणतात आणि स्वतःच हसतात.

मिस्त्रींनी इंजिनाला खालून जॅक लावला, आम्हा तिघींना काढलं, नव्या तिघी बसवल्या आणि इंजिन जॅकवर असतानाच बोल्ट करकचून आवळायला घेतले.

“बाबा, आत्ता हातानंच लावा,” मुलगी म्हणाली. “इंजिन खाली येऊन बसलं की आवळू.”

“सैल सोडायला तो काय लेंगा आहे? बोल्ट हाती आला की आवळून मोकळं व्हायचं. पुस्तक मिट आणि फडकं दे.”

मी भंगाराच्या डब्यात पडल्या पडल्या ऐकत होते. मुलीचंच बरोबर होतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? इंजिन लटकलेलं असताना आवळलं तर नवं रबर वाकड्यातच पिळलं जातं. पिळलेलं रबर थरथर गिळत नाही, सरळ पुढे ढकलतं. मला वाचा असती तरी मी तेव्हा गप्पच बसले असते. नव्या तिघी नापास झाल्या, की बोलावणं मलाच येणार होतं.

चौथ्या दिवशी नर्सबाई परत आल्या.

“अहो मिस्त्री, सिग्नलला गाडी थांबली की सीट थरथरते. स्टिअरिंग धरलं की दातसुद्धा वाजतात.”

“नवा माल आहे ताई. रुळायला वेळ लागतो. हजारेक किलोमीटर चालवा, बसेल आपोआप.”

“तोवर माझे मणकेच बसतील. आणि परवा मला आईला दवाखान्यातून घरी आणायचंय. पाठीचं ऑपरेशन झालंय तिचं. या गाडीत तिला कशी बसवू?”

मिस्त्रींनी प्लग काढून पाहिले. चांगले होते, तरी बदलले. एअर फिल्टर झटकला. थरथर जिथल्या तिथे. मग मुलीनं पेलाभर पाणी इंजिनावर ठेवलं. पाणी जरासं हललं, जेवढं हलायला हवं तेवढंच. तोच पेला तिनं आत स्टिअरिंगपुढे ठेवला. पाणी काठावरून सांडायला लागलं.

“इंजिन ठीक आहे, बाबा. थरथर गाडीत जातेय ती माउंटिंगमधून.”

“मग नवी माउंटिंगच फालतू. हल्लीच्या मालात दमच नाही. जुनं ते सोनं.” मिस्त्रींनी डब्यात हात घातला. “ही बघ. अजून दहा वर्षं हलणार नाही. हीच लावतो.”

त्या हातात मी होते.

त्यांनी मला पुसलं, गाडीच्या कडेवर ठेवलं. केवढी उजळले मी. अकरा वर्षांत मला कुणी सोनं म्हटलं नव्हतं. चीर खालच्या अंगाला होती. मी ती लोखंडाशी घट्ट मिटून धरली.

नर्सबाईंनी मला उचललं. पहिल्यांदाच.

“हीच का ती? एवढीशी?” त्यांचा अंगठा माझ्यावरून फिरला. जखमा पाहणारा अंगठा तो, त्याला काय फसवणार. चिरेपाशी येऊन तो थांबला. “अहो, ही तर फाटलीय.”

“एवढ्या तेवढ्यानं काय होतंय,” मिस्त्री म्हणाले.

नर्सबाईंनी मुलीकडे पाहिलं. “तू सांग. ही लावली तर चालेल?”

“चालेल. पण एखाद्या खड्ड्यात आपटली की पूर्ण तुटेल. मी माझ्या आईला त्या गाडीत बसवणार नाही.” मग वडिलांकडे न बघता म्हणाली, “मला दहा मिनिटं द्या.”

“दहा मिनिटांत काय दिवे लावणार आहेस?”

तिनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि तिन्ही माउंटिंगचे बोल्ट दोन-दोन आटे सैल केले. “ताई, सुरू करा.”

इंजिन सुरू झालं. त्यानं एकदा अंग झटकलं, बोटभर सरकलं आणि बसलं. अकरा वर्षांपूर्वीचा तो कारखाना मला आठवला. स्टिअरिंगपुढच्या पेल्यातलं पाणी काचेसारखं स्थिर झालं, आणि माझं बोलावणं संपलं.

मुलीनं पाना वडिलांच्या हातात ठेवला. “आवळा आता.”

मिस्त्रींनी आवळले. एकेक, सावकाश. हात पुसून म्हणाले, “म्हटलं नव्हतं, रुळायला वेळ लागतो?”

मोठ्या माणसांचं हे असं. चूक कबूल करायची वेळ आली की ते तिलाच आपला अनुभव म्हणून मोकळे होतात. मुलगी हसली, पण डोळे हसले नाहीत. नर्सबाई गेल्या. जाताना हातातली मी या खिडकीच्या फटीत अडकवून गेल्या, दार आपटत होतं म्हणून. मागे वळून पाहिलं नाही. का पाहावं?

पुढच्या आठवड्यात दुसरी गाडी आली. मिस्त्रींनी माउंटिंग बसवल्या, बोल्ट हातानंच फिरवले आणि मुलीला नुसतं म्हणाले, “सुरू कर गं.” कुणाकडून शिकलो हे बोलले नाहीत. ‘पुस्तक’ही म्हणाले नाहीत. तेवढं मी इथून पाहिलं.

नर्सबाईंची गाडी कधीकधी या रस्त्यानं जाते. आवाजावरून ओळखते मी. मागच्या सीटवर आता कुणीतरी म्हातारं बसलेलं असतं. कोपऱ्यावर गाडी थांबते, इंजिन हळू फिरतं, आणि ती थरथर दुसरी कुणी गिळते. माझ्यापर्यंत काही येत नाही.

एक विनंती आहे. जुनं आहे म्हणून कुणाला सोनं म्हणू नका. मला म्हटलं होतं, आणि त्या एका शब्दासाठी मी माझी चीर लपवली होती. त्या अंगठ्यानं ती शोधली नसती, तर एका आजारी बाईला मी खड्ड्यात दगा दिला असता.

वारा सुटलाय. दार माझ्यावर येऊन आपटतं आणि थांबतं. आवाज होत नाही. आत कुणाचं लक्षही जात नाही.