पारूच्या बांगड्यांखाली

गुंद गावच्या देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. पाटावर नागउतारे महाराज, समोर आमच्या वाडीची पारू.

"बघा रे!" महाराज गरजले. "हिच्या डोक्यात नाग वेटोळं घालून बसला होता. बेळगावला न्यायच्या आधी मी ताईत बांधला, नाग उतरला! डाक्टरनं डोकं फाडलं? टाका हाय? एक केस तरी कापलाय?"

"न्हाई महाराज!"

खरंच, पारूची वेणी जशीच्या तशी होती. डोकं धरून निपचित पडलेली बाई दवाखान्यातून पायांनी चालत आली होती.

माझा जन्म कीर्तनं ऐकण्यात गेला. बुवा रंगले की माझे डोळे पाझरतात. पण या महाराजांचा सूर मला पहिल्यापासून खोटा वाटत होता. देवाचं नाव क्वचित, स्वतःचंच सारखं!

तेवढ्यात आमच्याच वाडीतला म्हादू बसल्या बसल्या पुढं सरकला. सकाळपासून त्याचं डोकं फुटत होतं, एक पापणी लोंबलेली. रामनगरच्या डॉक्टरीणबाईंनी "आत्ताच्या आत्ता बेळगावला न्या" म्हणून बजावलेलं. जीप देवळामागं उभी. पण म्हादू उठेना.

"चला की हो!" त्याची बायको शांती रडकुंडीला आली.

"पारू फाडल्याबिगर बरी झाली न्हवं? मलाबी ताईतच बांधा."

मला राहवेना. "महाराज, तुम्हाला ध्यानात सगळं दिसतं ना?"

"तिन्ही लोक दिसतात!"

"मग दवाखान्यात पारूला कुठं टोचलं?"

"कुठंच न्हाई! सुई लागू दिली न्हाई मी."

"पारूअक्का, व्हय?"

पारूनं उजव्या हातातल्या हिरव्या बांगड्या वर सारल्या. मनगटावर मसुराएवढा डाग.

"हितनं बारीक नळी घातली. रगताच्या शिरंतनं पार डोक्यात. डाक्टर पडद्यावर चित्र बघत सरकवत हुते. शीर एका जागी फुग्यागत फुगून फुटलेली. त्यात केसागत बारीक तार गुंडाळून भरली, म्हंजे रगत तिकडं शिरत न्हाई."

"मग इतके दिस गप का गं?" गर्दीतनं कुणीतरी विचारलं.

"कुणी इचारलं? जो तो माझं डोकंच बघतोय!"

हशा पिकला. महाराज सावरले, "त्या नळीला वाट मीच दावली!"

"आत्ताच सुई लागली न्हाई म्हनालासा की!" शांती कडाडली आणि नवऱ्याचं बखोट धरून जीपकडं निघाली.

बेळगावला म्हादूच्याही डोक्यात तशीच फुगलेली शीर निघाली आणि तसाच उपचार झाला. आता कीर्तनाला तो माझ्याशेजारी टाळ वाजवतो. पापणी हळूहळू वर येतेय.

देवापुढं हात जोडा, मीही जोडतो. पण जखम दिसली नाही म्हणून उपचार झालाच नाही, असं धरून चालू नका. आणि कुणी चमत्कार सांगू लागला, तर तो ज्याच्यावर घडला म्हणतात, त्याला आधी विचारा.