वेळेवर आलेला लोंढा

मराठी भाषा पाण्याच्या आवाजातून जन्मली आहे आणि एक दिवस साऱ्या महाराष्ट्राला हे मान्य करावं लागेल, असं बद्रीनाथ सरांनी सकाळी चहाच्या वेळी जाहीर केलं. रत्नमालाबाईंनी ते तिथल्या तिथं मान्य केलं आणि म्हणाल्या, "पण हौदात टिपूस नाही. आज आंघोळ राहू द्या."

शहराच्या कडेला सातारा परिसरातल्या त्यांच्या गल्लीत नळ येऊन बरेच दिवस झाले होते, पाणी तेवढं यायचं होतं. म्हणून प्रत्येकाच्या पोर्चखाली हौद आणि प्रत्येकाची मदार टँकरवर. टँकरवाल्याला गेट उघडून द्यायची गरज नसे. कंपाउंडच्या भिंतीतून हौदाचा पाइप बाहेर काढलेला असे. बन्सी ड्रायव्हर टँकरचा जाड नळा त्याला ट्यूबच्या पट्टीनं करकचून बांधायचा, कॉक उघडायचा आणि कोपऱ्यावर चहाला जायचा. हौदात कोणी डोकावत नसे. त्यात बघायचं काय?

आज टँकर बाराला येणार होता, म्हणजे चारला. बन्सीचं बारा म्हणजे चार हा हिशोब गल्लीत सगळ्यांना तोंडपाठ होता; पाव्हण्यांनासुद्धा तसंच सांगितलं जाई. त्यामुळे जेवणाआधी रत्नमालाबाईंनी पदर खोचला, घासणी घेतली आणि शिडी लावून त्या हौदात उतरल्या. हौद त्यांच्या डोक्यावरून हातभर खोल होता, गुडघा नुकताच बदललेला होता आणि पोहणं त्यांना येत नव्हतं. पण कोरड्या हौदात पोहायचं कुठं?

सरांचं उद्या वाचनालयात व्याख्यान होतं. विषय एकच शब्द: लोंढा. सरांच्या मते तो 'लुठ्' या धातूपासून आला. लुठ् म्हणजे लोळणं, गडगडणं. म्हणून जे गडगडत येतं ते लोंढा, मग ते पाणी असो, गुरं असोत की माणसं. त्यांचे जुने सहकारी राजेंद्र यांच्या मते शब्द दक्षिणेकडून आला. या मुद्द्यावरून दोघांचं बोलणं बंद होतं आणि राजेंद्र उद्या पहिल्या रांगेत बसणार होते.

सर झाकणाच्या चौकोनावर ओणवे झाले. "रत्ना, तुमच्या माहेरी, कन्नड तालुक्यात, लोंढा कशाला म्हणतात?"

आतून घुमटातून यावा तसा आवाज आला. "नदीला पाणी चढलं तर पूर. लोंढा येगळा. पाऊस वर घाटात, आपल्या डोक्यावर ऊन. आधी नुसता आवाज येतो. तो आला की बघत बसायचं नसतं, पळायचं असतं."

"ही व्याख्या नाही. ही भीती झाली."

"मग भीती लिहा. मला घासू द्या."

"शिडी नेतो जरा. कोशाचा तिसरा खंड माळ्यावर आहे."

"आणि मी?"

"पाच मिनिटं."

"तुमची पाच मिनिटं म्हंजे बन्सीचं बारा," त्या म्हणाल्या. पण शिडी वर गेली होती.

खंड सापडला. सर शिडीवरच उभे राहून वाचू लागले. बाहेर कुठंतरी हॉर्न वाजला. तो त्यांनी ऐकला, पण त्यांच्याकडं हॉर्नचा अर्थ लावायचं काम नव्हतं. मग फरशीखालून एक घरघर उठली. ती वाढत गेली, तिच्यात धाड धाड आदळणं मिसळलं, आणि माळ्यावरचा पितळी डबा हलकासा वाजू लागला. सरांचा चेहरा उजळला. गडगडणं! अगदी लुठ्! राजेंद्रला हेच ऐकवायला हवं.

त्या आवाजाच्या आत दुसरा एक आवाज होता. फार बारीक.

सरांच्या हातातला खंड खाली पडला. ते शिडीवरून उतरले की घसरले हे त्यांना नंतरही सांगता आलं नाही. शिडी ओढली तर ती निघेना. वरचं टोक माळ्याच्या गजात गुंतलं होतं. ती तशीच सोडून ते पोर्चमध्ये धावले आणि झाकणापाशी पडलेच.

आत अंधार होता. भिंतीतल्या पाइपातून पाण्याचा खांबच्या खांब समोरच्या भिंतीवर फुटत होता. रत्नमालाबाई कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभ्या होत्या. पाणी कमरेवर आलं होतं.

"अहो, शिडी!"

सर रस्त्यावर धावले. टँकरपाशी चिटपाखरू नव्हतं. कॉकचा दांडा उन्हानं तापलेला, दोन्ही हातांनी लोंबकळले तरी हलेना. नळ्याची पट्टी नखांनी ओढली. ओलं रबर निसटत राहिलं. "बन्सी!" ते ओरडले. आयुष्यभर वर्गात आवाज चढवलेला माणूस, पण गळ्यातून नुसती हवा निघाली. समोरच्या घरांची दारं बंद होती, कूलर चालू होते.

पुन्हा झाकण. "रत्ना!"

उत्तर आलं नाही. फक्त पाणी. सरांना वाटलं, आता हा आवाज आपल्या कानातून कधीच जाणार नाही. चहा करतानासुद्धा येईल.

"छातीला आलंय," खालून आलं. या वेळी आवाजात टोमणा नव्हता, आणि त्यानंच सर जास्त घाबरले. चाळीस-एक वर्षांच्या संसारात ती बाई कधी टोमण्याशिवाय बोलली नव्हती.

ते घरात गेले आणि शिडीला असं भिडले की शिडी, गज आणि कोशाचे उरलेले खंड सगळंच अंगावर आलं. एक खंड कपाळावर बसला. सरांनी त्याच्यावर पाय देऊन शिडी बाहेर ओढली, पोर्चमध्ये नेली, आत सोडली. पाण्यातून एक हात वर आला आणि चाचपडत शिडीपर्यंत पोहोचला. मग दुसरा. मग हनुवटी पाण्याबाहेर ताणलेलं तोंड.

"गुडघा वाकंना," त्या म्हणाल्या.

सर पालथे पडून दोन्ही हातांनी त्यांच्या दंडाला धरून राहिले. एक पायरी. थांबल्या. पाणी पायरीमागून पायरी येत होतं. दुसरी. सर काहीतरी पुटपुटत होते; ते लुठ् नव्हतं, बहुतेक कुलदैवत होतं. शेवटी दोघं पोर्चच्या फरशीवर आडवे झाले आणि तसेच धापा टाकत राहिले.

तेवढ्यात बन्सी तोंड पुसत आला. "काय वो सर, भरला का हौद?" मग त्यानं नीट पाहिलं. त्याची नजर शिडीवर गेली, ओल्या साडीवर गेली, आणि तो मटकन खालीच बसला. "आईशप्पथ, ताई आत व्हत्या? मी म्हनलं, लोकं लई बोलत्यात, एक दिवस तरी टायमावर जावं."

सरांच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. ते उठून बसले. राजेंद्रला उद्या काय सांगायचं ते त्यांना आता कळलं होतं, आणि ते सांगण्याची इच्छा उरली नव्हती. रत्नमालाबाईंचा हात त्यांनी अजून सोडला नव्हता.

रत्नमालाबाईंनी केसांतलं पाणी पिळलं, दम घेतला आणि बन्सीकडं पाहिलं.

"बाबा," त्या म्हणाल्या, "पुढच्या खेपेला नेहमीसारखा उशिरा ये."