न सापडलेला बिघाड

दिवसभर लोकांच्या गाड्यांखाली पाठ घासून झाली होती, आणि आता बापाची गाडी. ऊन कलताना लझर म्हाताऱ्या बापाच्या अंगणात शिरला तेव्हा त्याला फक्त आडवं व्हायचं होतं.

"सकाळपासून नुसती खोकतेय," मोक्दाद म्हणाला. गफ्साच्या फॉस्फेट खाणीत उभा जन्म ट्रक हाकलेला माणूस. बायको गेल्यापासून या जुन्या गाडीतून रोज जैतुनाच्या बागेत जाणं, एवढाच त्याचा उद्योग उरला होता. "बॅटरी गेली असणार."

"बॅटरी गेल्यावर खोकली असती का, बाबा?"

लझरने चावी फिरवली. स्टार्टर जोमात फिरला, इंजिन काही पेटेना. त्याने एक प्लग काढून पाहिला. ठिणगी लख्ख पडत होती. म्हणजे पेट्रोलच पोहोचत नव्हतं. त्याने मागच्या सीटला कान लावला आणि बापाला चावी फिरवायला सांगितलं. टाकीतला पंप एरवी क्षणभर तरी गुणगुणतो. आज मुका होता. डोकं टेकलंच आहे तर इथेच झोपावं, असं लझरला वाटलं.

"मेलास का रे?" म्हातारा पुढून ओरडला.

"अजून नाही."

फ्यूज शाबूत होता. मग बॉनेटखालच्या कोपऱ्यात त्याला तो लहानसा स्विच दिसला. गाडीला धडक बसली की आग लागू नये म्हणून पंप बंद पाडणारा. त्याचं बटण वर उडालेलं होतं.

लझर पुढे जाऊन वाकला. पेट्रोल कुठे गळत नव्हतं. बंपर नुकताच घासून धुतलेला, पण फटीत चुना अडकला होता.

"कशाला ठोकलीत?"

"मी? कुणीतरी ठोकून गेलं असेल."

लझर पायरीवर बसून हाताचं काळं पुसू लागला.

"शाळेची भिंत, काल संध्याकाळी. उतारावरून तशीच घरंगळत घरी आणली," मोक्दाद हळूच म्हणाला. "डाव्या डोळ्याला आता काही दिसत नाही. पोरं नुकतीच सुटून गेली होती रे."

रागवायलाही लझरच्या अंगात त्राण नव्हतं. त्याने उठून बटण दाबलं, चावी अर्धी फिरवली. पंप गुणगुणला. तो इंजिन चालू करणार, तोच म्हाताऱ्याने त्याचा हात धरला.

"नको. चालू झाली तर उद्या मी नेणारच. मी मला ओळखतो."

"मग विकू या."

"लोक विचारतील ना, का विकली. तू सांग, बिघाड सापडत नाही."

"मी सांगू? अख्ख्या गफ्सात मला न जमलेली गाडी नाही, बाबा!"

"म्हणून तर. तुला जमलं नाही म्हटल्यावर पुढे कोण बोलणार?"

लझरने बापाकडे पाहिलं. मग पंपाला वीज पोहोचवणारा छोटा रिले उपटून खिशात टाकला.

कॉफीच्या दुकानात त्या आठवड्यात लझरची सालटी निघाली. सगळ्यांत मोठा आवाज मोक्दादचा. "या गाढवाला पाना आणि चमचा सारखाच! माझी चांगली गाडी घालवली!" लोक हसून लोळले. लझरचे कान तापले, पण त्याने कप संपवला आणि म्हणाला, "चला, माझ्या गाडीतून बागेत सोडतो."

म्हातारा त्याचा दंड चाचपत उठला. आणि वाटभर, गिअर कधी बदलायचा हे तो लझरला शिकवत राहिला.