शिवीच्या जागी टिंबं

मालकीणबाईंनी इस्त्री उभी आपटली, तशी सून वाचता वाचता थांबली.

"थांबलीस कशाला? वाच की पुढे."

"पुढे टिंबं आहेत, आई."

"टिंबं?"

"शिव्या काढ, असं तुम्हीच म्हणालात ना? काढल्या. त्या जागी टिंबं दिली."

सुनेने शाळकरी मुलांसाठी कादंबरी लिहिली होती. शिव्या राहिल्या तर एकही शाळा पुस्तक घेणार नाही, असे प्रकाशकाने बजावले होते. सून हट्टाला पेटली होती, पण शेवटी घरच्या न्यायाधीश मालकीणबाई. खाली स्वतःच्या लाँड्रीत त्यांच्या तोंडाला लगाम नसे. कपडे हरवणाऱ्या कामगाराच्या सात पिढ्या त्या उद्धरत. पण जिना चढला की शिवी बंद, हा या घराचा शिरस्ता होता, आणि तो त्यांनीच घालून दिलेला. शिवाय पुस्तकावर आडनाव छापायचे ते त्यांच्या घराण्याचे. तेव्हा निकाल लागला होता.

आज मात्र गिऱ्हाइकाचा शर्ट इस्त्री करता करता ऐकताना त्यांचा जीव वैतागला होता. मागच्या वेळी ऐकलेले पुस्तक अंगावर धावून येत होते. आता त्याचे दात काढल्यासारखे झाले होते.

"'तो माणूस तिच्या मागोमाग आला आणि म्हणाला,' मग टिंबं. 'ती घाबरून पळत सुटली.'"

"कशाला घाबरून? टिंबांना?"

"आई, आता तुम्हीच..."

"अगं, काय बोलला मेला ते नको का कळायला? नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, पोरगीच भित्री."

"कळू नये म्हणून तर काढलं! प्रकाशक म्हणतात, 'अभद्र बोलला' असं लिहा."

"अभद्र!" मालकीणबाईंनी शर्टाच्या कॉलरवर सगळा राग काढला. "एवढी हयात गेली, अभद्र ऐकून माझा पदरसुद्धा हलला नाही कधी."

सुनेने कागद मांडीवर आदळले. "मग शिव्या परत घालू का? एकदा काय ते ठरवा. माझं डोकं पिकलं आता."

"टिंबंच राहू दे, आई."

पलीकडे मोज्यांच्या जोड्या लावत बसलेली नात आपल्या आईला म्हणाली. वर न बघता. "सांगायला गेलं की तेवढंच निघतं तोंडातून."

मालकीणबाईंनी तिच्याकडे पाहिले. पोरगी एकच जोडी गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. हल्ली ती शाळेतून लांबच्या रस्त्याने यायची, आणि उशीर झाला म्हणून मालकीणबाई तिला रोज फैलावर घ्यायच्या.

"कोणाला सांगायला गेलीस?"

पोरीने दुसरा मोजा उचलला.

"तुला कोण काय बोललं?"

"ते घरात नाही बोलता येत, आजी."

मालकीणबाईंनी इस्त्रीचे बटण बंद केले. तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या. गुडघे करकरले, तरी बसल्या.

"बोल. जसंच्या तसं."

"घाण आहे."

"घाण त्याची आहे. तू बोल."

पोरीने मोज्याकडे बघत, एका दमात, सगळे सांगून टाकले. सुनेच्या मांडीवरचे कागद घसरले, तिने ते उचलले नाहीत. मालकीणबाईंच्या जिभेवर एरवी शिव्यांची रांग लागलेली असे. आत्ता एकही पुढे येईना.

"कोण?" त्यांनी एवढेच विचारले.

"कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्तीवाला. रोज बोलायचा, म्हणून लांबून येते."

त्या भिंतीला धरून उठल्या, पायात चपला सरकवल्या आणि नातीच्या चपला तिच्यापुढे ठेवल्या.

"आई, मीही येते," सून उठली. "पण प्रकाशकांचा माणूस कागद न्यायला यायचाय. त्याला काय सांगू?"

"बसू दे त्याला. लिहून झालं नाही म्हणावं अजून."

नात दारातच घुटमळली. "आजी, तू काय बोलशील त्याला?"

"मी? मी एक अक्षर बोलायची नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "मी नुसती मागे उभी राहणार. काय बोलायचं ते तुला वाटेत शिकवते."