वळणावर तुटणारा खांब

शहराची बस चालवणाऱ्या त्या गृहस्थांना डेपोत सगळे लोणीदादा म्हणत, कारण त्यांनी ब्रेक लावला तरी उभ्या प्रवाशाच्या हातातला चहा हिंदकळत नसे. अशा माणसाने एका सकाळी डेपोत फोन करून “पोट दुखतंय, आज जमणार नाही” म्हणावं आणि पुढे रोज तेच म्हणत राहावं, याचं डेपोला नवल वाटलं. घरात तर कुणाचा विश्वासच बसला नाही.

“पोटदुखीचा माणूस तिसऱ्यांदा वाढून घेत नाही,” बायको म्हणाली.

“पोट रिकामं ठेवू नका, असं डॉक्टर म्हणालेत.”

“कुठले डॉक्टर?”

लोणीदादांना एकदम आठवलं की गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं राहिलंय.

खरी गोष्ट अशी होती. लेकीचं कॉलेज संपलं म्हणून त्यांनी हौसेने भलामोठा टीव्ही आणला होता. दुकानाच्या माणसाला बाजूला सारून तो स्वतः जिन्याने वर चढवला आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून त्याचं कौतुक सांगितलं. लेकीने आपला कॉम्प्युटर त्याला जोडला, स्टिअरिंग आणलं, आणि सुट्टीच्या दुपारी बापलेक ट्रक चालवण्याचा गेम खेळू लागले. दिवसभर बस हाकणारा माणूस सुट्टीच्या दिवशी ट्रक हाकतो, हे पाहून बायकोने हात टेकले होते.

आणि अशाच एका दुपारी ट्रक वळणावर घेताना दिव्याचा खांब मधोमध तुटला. वरचा अर्धा भाग एकीकडे, खालचा दुसरीकडे. लोणीदादांनी डोळे चोळले. पुढचा खांबही तुटला. सरळ रस्त्याला सगळं ठीक, पण वळण आलं की खांब, झाडं, इमारती कंबरेत मोडायच्या. शेजारी बसलेली लेक काहीच बोलत नव्हती. म्हणजे तिला ते दिसत नव्हतं. म्हणजे डोळे गेले.

गॅलरीत उभं राहून त्यांनी रस्त्यावरचे खांब तपासले, तर ते सरळ. मग वळणाचा भास व्हावा म्हणून मान झरझर डावीउजवीकडे फिरवून पाहिले. समोरच्या गॅलरीतल्या बाईंना वाटलं हे आपल्याला नको म्हणताहेत, आणि त्या आत निघून गेल्या. बसमध्ये बसून वळणावर बाहेर बघितलं असतं तर एका मिनिटात निकाल लागला असता. पण तोच निकाल त्यांना नको होता. दृष्टी गेली असं एकदा ठरलं, की बस कायमची सुटली. आणि असे डोळे घेऊन माणसांनी भरलेली गाडी चालवायची, हेही त्यांच्या मनाला पटेना. म्हणून पोट पुढे केलं. जीव मात्र टांगणीला लागला होता.

पुढच्या सुट्टीला लेकीने स्टिअरिंग त्यांच्या हातात दिलं, तेव्हा त्यांनी ते हळूच परत तिच्याकडे सरकवलं.

“बाबा, काय झालंय? आणि पोट नका सांगू.”

लोणीदादांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. “आईला बोलू नकोस. मला वळणावर खांब तुटलेले दिसतात. डोळे गेले बहुतेक.”

लेक म्हणाली, “मलाही दिसतात.”

“तुलासुद्धा? एवढ्या लहान वयात?”

“अहो बाबा, टीव्हीवर तुटतात ते. सगळ्यांनाच दिसतील. पहिल्या दिवसापासून तुटताहेत.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही एवढ्या हौसेने आणला. जिन्यात सगळ्यांना सांगत होतात. यात काहीतरी गडबड आहे असं कुठल्या तोंडाने सांगू?”

लोणीदादांना हसावं की रागवावं कळेना. शेवटी हसू आलं, आणि आल्यावर आवरेना. बायको काय झालं म्हणून बघायला आली, आणि सगळी हकिकत ऐकून “धन्य आहात दोघं” म्हणून तिथेच बसली.

लेकीने मग कारण सांगितलं. कॉम्प्युटर चित्रं आपल्या वेगाने पाठवतो, टीव्ही ती आपल्या वेगाने दाखवतो. टीव्ही अर्ध्यावर असताना नवं चित्र आलं, की वर जुनं आणि खाली नवं.

“म्हणजे प्रवाशाचा एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर, आणि ड्रायव्हरने गाडी सोडली,” लोणीदादा म्हणाले.

“बरोबर. हा टीव्ही थांबून प्रवासी घेणारा आहे, पण त्याला तसं सांगावं लागतं.”

आधी तिने गेममधलाच एक पर्याय चालू केला. खांब जुळले, पण ट्रक स्टिअरिंग फिरवल्यावर विचार करून वळू लागला. “हा ड्रायव्हर झोपलाय,” लोणीदादांनी तो पर्याय नापास केला. मग टीव्हीच्या मागे टॉर्च मारल्यावर कळलं की मागची सगळी भोकं सारखी नाहीत. वेग जुळवून घेणारं एकच होतं आणि दुकानाच्या माणसाने त्यात केबलचा डबा खुपसून ठेवला होता. बायकोची मालिका दुसऱ्या भोकात गेली, कॉम्प्युटर तिच्या जागी आला. लेकीने त्या जोडणीला चित्र उशीर न करता दाखवणारा गेम मोड लावला, वेग जुळवून घेण्याची सोय टीव्हीत आणि कॉम्प्युटरमध्ये दोन्हीकडे चालू केली आणि गेममधला तो पर्याय बंद केला. तरी मोकळ्या रस्त्याच्या वळणावर एखादा खांब मोडायचाच.

“तिथे काढायला चित्र कमी, म्हणून कॉम्प्युटर टीव्हीच्याही पुढे पळतो,” लेक म्हणाली.

“मग वेगमर्यादा घाल त्याला.”

तिने खरोखरच वेगमर्यादा घातली, टीव्हीला झेपेल त्याच्या जरा खाली. लोणीदादांनी ट्रक वळणावर घातला. खांब अखंड आला आणि अखंड गेला. त्यांच्या जीवात जीव आला. डोळे भरून आले ते त्यांनी लपवलंही नाही.

“चला, उद्यापासून कामावर,” लेक म्हणाली.

“टीव्हीचा दोष सिद्ध झाला. माझे डोळे निर्दोष आहेत हे अजून सिद्ध व्हायचंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लेकीला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, गणवेश पिशवीत घालून. डॉक्टरांनी अक्षरं वाचायला लावली, दिवा मारून दोन्ही डोळे पाहिले. वळणाचा प्रश्न त्यांनी शांतपणे ऐकला, आणि तुमची नजर उत्तम आहे, असं सांगितलं. लोणीदादांनी त्यांच्याच स्वच्छतागृहात कपडे बदलले आणि तडक डेपो गाठला.

लेक त्या दिवशी त्यांच्याच बसने घरी निघाली. पुढच्या सीटवर बसली. पहिलं मोठं वळण आलं, बाहेरचे खांब एकामागून एक ताठ उभे येत गेले, आणि लोणीदादांना राहवेना. आरशातून मागे बघत ते म्हणाले, “बघितलेस?”

“ड्रायव्हर, पुढे बघा,” लेक म्हणाली.

लोणीदादा पुढे बघू लागले. इतकी वर्षं ते पुढेच बघत आले होते, पण त्यात एवढं सुख आहे हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं.