नंदकुमारांची चवींची वही

मी एक वही बोलतेय. शर्टाच्या खिशात मावेल एवढी, रेघांची. मुलुंड पूर्वेच्या एका दुकानातून नंदकुमारांनी मला आणलं आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'चिनी, थाई, जपानी वगैरे.' ते विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. अक्षर छापल्यासारखं.

दर रविवारी दुपारी ते आणि त्यांची बायको शुभाताई कुठेतरी जेवायला जात. घाटकोपरचं पहिल्या मजल्यावरचं चिनी: 'सूप उत्तम, नूडल्स तेलकट.' पवईचं थाई: 'हिरवी करी. गवती चहाचा वास छान. पुन्हा यावं.' बोरिवलीचं बर्मी: 'नारळाच्या रसात शेवया, वर तळलेला लसूण.' अंधेरीला जपानी हॉटेलात शुभाताईंनी कच्चा मासा बराच वेळ चावला आणि म्हणाल्या, "वाईट नाहीये हो. पण आपण तळून खाल्ला असता." तेही माझ्यात आहे.

सोसायटीत त्यांचं नाव झालं. "काका, मोमो कुठले चांगले?" असे फोन येत. ते मला उघडून सांगत.

२०२१ साली दोघांनाही ताप आला. ताप उतरला, पण नंदकुमारांना वास येईना आणि चवही लागेना. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. त्यांनी बघितली. नंतर बघणं सोडलं. शुभाताई सोडून कुणाला सांगितलं नाही, मुलीलाही नाही.

रविवार मात्र चालू राहिले. शुभाताई एक घास घेत आणि हळू आवाजात सांगत, "आधी आंबट लागतं. मग खाली कुठेतरी गूळ आहे. मिरची उशिरा येते, घशात."

"मला आवडलं असतं?"

"नसतं. तुम्ही नुसते शेंगदाणे वेचून खाल्ले असते."

ते मान हलवत आणि लिहीत. अक्षर नंदकुमारांचं, जीभ शुभाताईंची. फोन करणाऱ्यांना काही कळलं नाही.

गेल्या वर्षी शुभाताई गेल्या. हृदयविकार. दोन दिवस इस्पितळात होत्या. मी टेबलाच्या खणात होते. सात महिने तो खण उघडला नाही. कुणाचा फोन आला की ते म्हणत, "आता जात नाही आम्ही." अजूनही 'आम्ही' म्हणत.

गंधाली, त्यांची मुलगी, अंधेरीला राहते. एका रविवारी तिने मला खणातून काढलं आणि त्यांना पवईच्या एका नव्या कोरियन हॉटेलात नेलं. मला उघडून समोर ठेवलं, पेन दिलं. दगडी भांड्यात भात आला.

"कसा आहे, बाबा?"

"गरम आहे."

"आणि?"

"खालचं कुरकुरीत. वरचं मऊ."

"अरे, चव सांग ना."

नंदकुमारांनी चमचा ठेवला. "मला चार वर्षं चव लागत नाही. तुझी आई सांगायची, मी लिहायचो."

गंधाली मला उचलून मागची पानं वाचत बसली. भात निवला. मग तिने एक घास घेतला.

"तिखट आहे. म्हणजे आपल्यासारखं तिखट नाही. काहीतरी आंबवलेलं." ती थांबली. "मला नाही रे जमत आईसारखं."

"तिच्यासारखं नको," ते म्हणाले. "अजून एक घास घे."

तिने घेतला. त्यांनी लिहिलं, 'गंधालीच्या मते आंबवलेलं.' पुढे जागा सोडली.

आता ते दोघं महिन्यातून एकदा जातात. गंधाली पहिल्यांदा 'ओके' म्हणते. नंदकुमार पेन हातात धरून बसून राहतात, तिने आणखी काही सांगेपर्यंत. माझी अकरा पानं उरली आहेत. ती संपली की मी पुन्हा खणात.

माझ्यातली चार हॉटेलं बंद झालीत, तेव्हा माझ्या भरवशावर निघालात तर आधी फोन करा. आणि कुणाबरोबर जेवायला बसलात तर नुसतं छान म्हणून मोकळे होऊ नका. काय लागतंय ते सांगा. समोरच्याने तुम्हाला सगळं सांगितलेलं असतंच असं नाही.